काशीभाऊंचा वुल्फ

आमच्या सोसायटीनं काशीभाऊंना दोनदा नोटीस दिली आणि दोन्ही वेळा चूक सोसायटीचीच होती.

पहिली नोटीस पाण्याच्या पंपावरून. नवीन पनवेलमधली आमची चार मजली इमारत. सकाळी सहाला पंप सुरू झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. दोन प्लंबर येऊन गेले, पंप बदलून झाला, आणि नवा पंपही त्याच सुरात गायला लागला. एके सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर जिन्यात काशिनाथ घरत, बनियनवर, हातात कणकेचा गोळा. पाइपाला कान लावून ते एकेक पायरी चढत होते. मधेच थांबायचे, गोळा पाइपाला चिकटवायचे, ऐकायचे, काढून वीतभर वर चिकटवायचे. तिसऱ्या मजल्याच्या थोडं खाली एका जागी गोळा बसला आणि थरथर थांबली. कुणीतरी दटावल्यासारखी एकदम थांबली. मग कणीक काढून त्यांनी तिथं तारेनं एक जुनं वजनदार कुलूप बांधलं. आठ दिवसांनी सेक्रेटरींची नोटीस आली : सामायिक मालमत्तेला विनापरवाना कुलूप लावल्याबद्दल खुलासा करावा. काशीभाऊंनी खुलासा केला नाही, कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी सहाला तावदानं वाजली आणि सव्वासहाला सेक्रेटरी लुंगीवर त्यांच्या दारात.

"आता अर्ज करा," काशीभाऊ म्हणाले. "सामायिक कुलपासाठी."

दुसरी नोटीस गच्चीवरच्या टाकीबद्दल होती. ती सांगत बसत नाही.

माणूस ठेंगणा, खांद्यांनी रुंद, आणि एका जागी म्हणून कधी नसायचा. बोलता बोलता तुमच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा, आणि तुम्ही वळेपर्यंत खिडकीशी. चालताना उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून दिसेल त्या लाकडावर, पत्र्यावर, भिंतीवर टकटक करत जायचं ही सवय. त्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता. माझ्या नव्या कपाटावर त्यांनी तसंच दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "बाई, मागची फली खोटी हाय." मला राग आला. चांगलं मोठ्या दुकानातून घेतलेलं कपाट. सहा महिन्यांत मागून भुसा गळायला लागला. हे त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्यांनी एक दिवस येऊन मागच्या बाजूला नुसती मान वाकवून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर परवडलं असतं.

मी पनवेलच्या एका शाळेत संगीत शिकवते आणि भजनांच्या, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत व्हायोलिनची साथ करते. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या व्हायोलिनच्या खालच्या तारेवरचा एक सूर गुरगुरायला लागला. वाद्यांत असं होतं. लाकडाच्या अंगाचा म्हणून एक सूर असतो. तारेवर नेमका तोच लागला की तार आणि लाकूड एकमेकांशी भांडायला लागतात. सूर धड उभा राहत नाही, घशात खरखर असल्यासारखा अडखळत राहतो. इंग्रजीत त्याला वुल्फ, म्हणजे लांडगा, म्हणतात आणि आमच्या लाइनीतही सगळे वुल्फच म्हणतात. व्हायोलिनमध्ये तो कमी, चेलोमध्ये फार. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. "वुल्फ काढायचा असेल तर घरतांकडे जा," असं मला पुण्याच्या एका वादकानं सांगितलं. घरत माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात हे मला पुण्याहून कळावं लागलं. तोवर मी त्यांना पंपवाले समजत होते.

टपाल नाक्याजवळच्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाला लागून त्यांची आठ फुटी खोली होती. पोटासाठी हार्मोनियम आणि गिटारी; जीव सगळा व्हायोलिनमध्ये आणि चेलोमध्ये. दुकानात स्टूल एकच, ते गिऱ्हाइकासाठी. मी वाजवायला लागले तसे ते बाहेर गेले, गल्लीत एक चक्कर मारली, परत आले, माझ्या पाठीमागून, खालून, दारातून ऐकलं. मग मेणाची एक गोळी वाद्याच्या पोटावर इथं चिकटव, तिथं चिकटव. शेवटी घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलाच्या, मागं तारेचा जो बिनकामाचा तुकडा उरतो त्याच्यावर पितळेची बोटाच्या पेराएवढी नळी चढवली आणि ती केसाकेसानं सरकवत बसले. बसले म्हणजे उभ्यानंच.

"वाजवा."

सूर सरळ लागला. "गेला?" मी विचारलं.

"जात नाय कुटं. सरकतो. आता दोन सुरांच्या मदल्या जागेत जाऊन बसलाय, तितं कोनाचं घर नाय." लगेच स्वतःच अस्वस्थ झाले. "पन तुमाला मींड घ्यायची असंल ना? मंग तुमाला त्याच्या दारावरून चालत जायाला लागंल. विंग्रजी वाजवनारे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारून जातात, त्यांचं बरं हाय."

मींडेसाठी आणखी तासभर खटपट चालली. त्या तासात त्यांनी मला तीनदा विचारलं, "आवाज थोडा दबंल. चालंल?" मी हो म्हटलं. "नक्की चालंल ना? नंतर बोलू नका." पुन्हा हो. नळीचा स्क्रू आवळायच्या आधी परत, "बाई, परत इचारतो." मी वैतागले. दुकानदार आपली कातडी वाचवतोय असं मला वाटलं. पुढं बघितलं, तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तीनदा विचारायचे आणि तिसऱ्यांदा विचारताना त्याच्या डोळ्यांत बघायचे.

खारघरचे एक गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरचे, परदेशातून चेलो घेऊन आलेले. स्टूलवर बसून त्यांनी हिंदी-इंग्रजी-मराठीत बजावलं, "मला झीरो वुल्फ पाहिजे. कम्प्लीट झीरो."

"झीरो पायजे तर टेबल घ्या," काशीभाऊ म्हणाले. "टेबलाला वुल्फ नसतो."

गृहस्थ चेलो उचलून तरातरा गेले आणि पंधरा दिवसांनी मुकाट परत आले.

हा कानाचा रोग त्यांना कुठंही गप्प बसू द्यायचा नाही. तळमजल्यावरचे कर्वे गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. कर्वेकाकू भिंतीला टेकून बसलेल्या, कोरड्या डोळ्यांनी. कुणी काही बोलत नव्हतं. वरचा पंखा मात्र घुंई, घुंई, घुंई. मी काशीभाऊंकडे बघितलं, तर ते वर बघत होते. म्हटलं, देवा, आज नको. तर उठलेच. बटण बंद केलं, स्टूल ओढलं, वर चढले, खिशातली किल्ली चिकटपट्टीनं एका पात्यावर लावली, पंखा सुरू केला, बंद केला, किल्ली सरकवली, पुन्हा सुरू केला. पंचवीस माणसं तोंड उघडं टाकून बघतायत. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंखा निमूटपणे फिरायला लागला. खोलीत एकदम शांतता.

"चौदा वर्षं हे त्या पंख्याला शिव्या घालत होते," कर्वेकाकू म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडल्या.

काशीभाऊ असे पळाले की चपलाही विसरले. मी चपला घेऊन खाली गेले तर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होते. "माजं चुकलं काय, बाई? चुकलंच असनार. मी हात लावला की काहीतरी होतं." मी समजावलं, काकूंना रडू यायलाच हवं होतं म्हणून. त्यांना ते पटलं नाही. हात लावल्यावर काय होऊ शकतं याची त्यांना मनातून भीती होती आणि ती कुठून आली हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कळलं ते एका मे महिन्याच्या सुट्टीत. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, चेलोची एक काळी पेटी टांगलेली असायची. तिच्याबद्दल विचारलं की ते गल्लीत चक्कर मारायला जायचे. त्या दिवशी मी सकाळी दहालाच गेले आणि दारात थबकले. काशीभाऊ बसले होते. जमिनीवर, मांडी घालून. समोर गोधडीच्या घडीवर चेलोची वरची फळी पालथी ठेवलेली आणि त्यांच्या हातात काचेचा तुकडा, सुतार रंधा संपल्यावर लाकूड खरवडायला घेतात तसा. फळीच्या आतल्या अंगाला आडवी, तपकिरी, दगडासारखी घट्ट एक पट्टी चिकटलेली होती. तिच्यावरून त्यांनी काच अलगद ओढली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग फुंकर मारून काच बाजूला ठेवली.

"झालं?" मी विचारलं.

"रोजचे चार हात. पाचवा हात घाईचा असतो."

आणि मग, उभं राहून, फिरत फिरत, त्यांनी सांगितलं.

त्यांचे वडील उरणकडच्या खाडीवर होड्या बांधायचे. काशीभाऊ विशीपर्यंत त्याच कामात. लाकडाच्या होड्यांचं काम बसलं, फायबरच्या होड्या आल्या, तसे ते मुंबईत एका वाद्यांच्या दुकानात लागले आणि काही वर्षांनी पनवेलला येऊन स्वतःची ही खोली घेतली. पहिलं मोठं काम आणलं लुईससरांनी. लुईससर म्हणजे मुंबईच्या स्टुडिओंमध्ये सिनेमाच्या गाण्यांसाठी चेलो वाजवणारे. राहायला पनवेलला, चर्चच्या मागे. त्यांच्या चेलोत वुल्फ होता.

"आमच्या होडीत फली थरथरली की मागून फासली ठोकायची. बाप तेच करायचा. मी चेलोचं पोट उगडलं आनि आडवी फासली बसवली, तीच ही पट्टी. आनि गोंद कुटला लावला सांगू? फायबरवाल्यांचा. दोन डब्यांचा, मिसलून लावायचा. खारं पानी वीस वर्षं मारत बसलं तरी सुटत नाय."

वाद्यं सरसानं जोडतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, तो ऊब आणि ओल लागली की सुटतो. होडीवाल्याच्या पोराला असा गोंद म्हणजे फसवणूकच वाटणार.

"पान्यानं सुटतो तो गोंद कसला, असं वाटायचं मला. सुटायला पायजे म्हनूनच लावतात, परत उगडता यायला पायजे म्हनून, हे कोनी सांगितलं नाय. मी पन इचारलं नाय. हुशार होतो ना!"

वुल्फ गेला. वुल्फबरोबर बाकीचं सगळंही गेलं. चेलो बोलायचा थांबला. लुईससरांनी दुकानात पाच मिनिटं वाजवला, मान खाली घालून, आणि म्हणाले, "छान केलंस, काशी. एकदम शांत झाला." दोन-तीन महिन्यांनी पेटी घेऊन परत आले. "तुझ्याकडेच राहू दे," एवढंच बोलले. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्यांचं स्टुडिओचं काम बंद झालं.

"तेव्हा कीबोर्ड आले होते, काशीभाऊ. सगळ्यांचंच काम गेलं," मी म्हटलं.

"सगल्यांचं गेलं ते कीबोर्डानं. सरांचं माज्यामुलं गेलं."

यावर वाद घालून उपयोग नव्हता. वीस वर्षं त्यांनी ती पेटी उघडली नाही. मग एका नाताळात चर्चच्या कार्यक्रमात त्यांना लुईससर दिसले. बाकीचे वाजवत होते आणि सर पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून रोजचे चार हात. मधून मधून फळी पातळ सरसानं चिकटवून, तारा चढवून बघायचं, परत उघडायचं.

"वरची फळीच नवी बसवा ना," मी म्हटलं.

"मंग तो दुसरा चेलो जाला, बाई. सरांचा नाय."

म्हणजे वुल्फ काढण्यासाठी लोक ज्याच्याकडे पुण्या-मुंबईहून यायचे, तो माणूस स्वतः रोज सकाळी एका चेलोत वुल्फ परत आणायला बसायचा. कारण त्याच्या हिशेबानं आवाज परत येईल तर वुल्फला बरोबर घेऊनच येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लुईससरांची मुलगी डायना कॅनडात असते. सरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, सर त्र्याऐंशीचे. ती त्यांना कायमचं घेऊन जायला आली. घर विकलं, तिकीट काढलं. चर्चच्या गायकवृंदातल्या माझ्या एका मैत्रिणीनं मला हे सांगितलं आणि मी शहाणपणानं लगेच दुकानात जाऊन काशीभाऊंना सांगितलं.

"किती दिस हायत?"

"एकवीस."

त्यांनी समोरची हार्मोनियम तशीच उघडी टाकली आणि दुकानाचं शटर ओढलं. आतून.

ते तीन आठवडे मला आजही नीट आठवायला नको वाटतात. चार हातांचा नियम मोडला. चाळीस हात, शंभर हात. जिन्यात भेटले की बोलायचे नाहीत, नुसतं कठड्यावर टकटक करत उतरायचे. दर चार-पाच दिवसांनी फळी चिकटवायची, सरस वाळेपर्यंत थांबायचं, तारा चढवायच्या आणि मला बोलवायचं, कारण बो, म्हणजे गज, ओढायला माणूस हवा. मी व्हायोलिनवाली. चेलो गुडघ्यात धरून अंदाजानं खालून वर सरकत जायची. सूर लागायचे, पण बोथट, सोसायटीच्या पत्रासारखे. जिथं वुल्फ यायला हवा तिथं काहीच यायचं नाही.

"नाय," काशीभाऊ म्हणायचे आणि पातळ सुरी फळीच्या कडेत घालून परत उघडायला लागायचे. असं तीनदा झालं.

शेवटचे चार दिवस उरले. पट्टी आता नखाएवढी पातळ राहिली होती, पण तिच्या खालचं लाकूडही काही जाड नव्हतं. काशीभाऊंनी फळी दाराच्या उजेडात उभी धरली तेव्हा आजूबाजूचं लाकूड लालसर दिसलं, पलीकडचा उजेड आत झिरपत होता.

"पुरे करा आता," मी चढ्या आवाजात म्हणाले. "भोक पडलं तर हाही जाईल. असाच द्या त्यांना. निदान वाजतोय तरी."

"असाच तर तवा दिला होता," ते म्हणाले. आणि मग, "तुमी जरा भाईर उभ्या ऱ्हा."

मी औषधवाल्याच्या फळीला टेकून उभी राहिले. काचेचा आवाज बाहेर येत होता, खर्र, आणि मधे लांबलचक काहीच नाही, आणि परत खर्र. औषधवाल्यानं दोनदा विचारलं, काय हवंय. अर्ध्या तासानं काशीभाऊ दारात आले. तळहातावर तपकिरी कपची होती, पापडाच्या तुकड्याएवढी.

"आपसूक सुटली," ते म्हणाले. "खाली लाकूड आख्खं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तारा चढल्या. मी बसले, खालून सुरुवात केली आणि दोन सुरांतच कळलं की हा चेलो कालचा नाही. आवाज माझ्या छातीच्या हाडात येत होता. वर सरकत गेले, आणि एका जागी बो हातात अडखळला. गुर्रर्रर्र. आयुष्यभर मी त्या आवाजाचा द्वेष केलाय. त्या दिवशी अंगावर काटा आला. मी परत तीच जागा दाबली. गुर्रर्रर्र.

काशीभाऊ धावत बाहेर गेले. "आला! आला!" असं औषधवाल्याला ओरडून सांगितलं. तो बिचारा काउंटरवरून वाकून गल्लीत दोन्हीकडे बघायला लागला, कोण आला म्हणून. काशीभाऊ परत आत आले तेव्हा रडत होते आणि ते लपवत नव्हते. मीही रडले. कशासाठी म्हणून विचाराल तर एका बिघडलेल्या सुरासाठी.

लुईससरांच्या घरात सगळीकडे बॅगा. सर वाळलेले, पण ताठ. "काशी! ये, ये. ही कोण? बस मॅडम. तू बस ना, मॅन." काशीभाऊ बसले नाहीत. पेटी उघडून चेलो सरांच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून दारापाशी, दारातून फ्रिजपाशी.

सरांनी बराच वेळ नुसता हात फिरवला. मग तारा लावल्या. बोटं कडक झाली होती, तरी खालच्या सुरांतून ते सावकाश वर आले आणि त्या जागी पोचले. गुर्रर्रर्र.

"पप्पा, काय तुटलं?" डायना आतून ओरडली.

सरांनी बो थांबवला. काशीभाऊंकडे बघितलं. परत तोच सूर घेतला, आणि मी नेमकी समोर होते म्हणून मला दिसलं : त्यांचा डावा गुडघा चेलोच्या कडेवर किंचित आत दाबला गेला. गुरगुर खाली बसली आणि सूर सरळ उभा राहिला. गुडघा काढला, गुरगुर. दाबला, सूर. सर हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "अजून तिथंच आहे बघ, साला."

"सर," काशीभाऊ म्हणाले. "तुमाला गुडघ्यानं जमत होतं?"

"मग? माझ्या सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. आख्खं आयुष्य असाच वाजवला."

"मंग माज्याकडं आनलात कशाला?"

सरांनी बो मांडीवर ठेवला. डायना दारात येऊन उभी राहिली होती.

"तू नवीन दुकान टाकलं होतं, मॅन," सर म्हणाले. "मी रोज तिथून जायचो. तू दारात उभा. कोण येत नव्हतं. मला वाटलं, ह्याला काहीतरी काम द्यायला पाहिजे."

काशीभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चेलोकडे, आणि तडक बाहेर निघून गेले. फाटक वाजलं.

"सांगायला नको होतं काय?" सरांनी मला विचारलं.

"नको होतं," मी म्हणाले. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं एक माणूस स्वतःला खात बसला आणि याच्याकडे त्याचं औषध होतं. एका वाक्याचं तर काम होतं.

दहा मिनिटांनी काशीभाऊ परत आले. दारातच थांबले. "बिगडला म्हनून तवाच सांगायचं ना, सर."

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतं."

काशीभाऊंनी विचार केला. मग मान हलवली. "केलं असतं."

तेवढंच. पुढं दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. सर चेलो नेणार नव्हते. तिकडच्या थंडीत लाकूड फाटतं, आणि डायनाच्या घरात जागाही नाही. "तू ठेव. पण आता दुरुस्त नको करू," ते म्हणाले. आणि मग, "इकडे ये. बस. आज तरी बस."

काशीभाऊंना वाजवता येत नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्यानं वाजवू नये, तो स्वतःच्या हाताचे दोष वाद्यावर ढकलतो, असं त्यांचं मत. पण सरांनी त्यांना खुर्चीत बसवलंच. चेलो त्यांच्या गुडघ्यांत दिला, हातात बो दिला, त्यांचं बोट तारेवर ठेवलं, आणि स्वतः खाली वाकून त्यांचा डावा गुडघा धरून कडेवर नेऊन टेकवला. "इथं. हळू दाब." काशीभाऊंचा पाय टाचेवर सारखा नाचत होता. "पाय हलवू नको, मॅन." गुर्रर्रर्र. "पाय." गुर्रर्रर्र. डायना हसली, मी हसले, काशीभाऊ घामाघूम. त्या दिवशी जमलं नाही.

सर कॅनडाला गेले. दुकानात काशीभाऊंसाठी एक दुसरं स्टूल आलं. रोज सकाळी दहाला गल्लीत तो एकच सूर ऐकू यायला लागला, गुरगुरणारा. गिऱ्हाइकं आली की बाहेर थांबायची. औषधवाला मला म्हणाला, "बाई, लोकांचं ठीक करतात आणि स्वतःचं बघा काय चाललंय." लुईससर कॅनडातून फोन करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, गुडघा कुठपर्यंत आला.

काशीभाऊ ज्या दिवशी गेले, दुपारी, दुकानातच, हृदय बंद पडून, त्या दिवशी सकाळी मी त्यांना पाहिलं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षाला हात करत होते. शाळेत वार्षिक कार्यक्रमाची तालीम होती आणि मला आधीच उशीर झाला होता. रस्त्यावर हॉर्नचा कलकलाट. आत दुकानाच्या दारातच काशीभाऊ चेलो घेऊन बसलेले, पाय नाचू नये म्हणून डावं पाऊल स्टुलाच्या पायाला अडकवून ठेवलेलं. गुर्रर्रर्र. थांबले. पाऊल सरकवलं. परत बो ओढला. आणि सूर लागला. सरळ, लांब, अखंड, बो संपेपर्यंत.

त्यांनी मान वर करून पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. औषधवाला पाठमोरा गोळ्यांच्या पट्ट्या लावत होता. मग त्यांना मी दिसले. त्यांनी बो हवेत उंच धरला आणि मी काय म्हणते याची वाट बघत तसेच थांबले.

रिक्षा येऊन उभी राहिली होती. संध्याकाळी येते, अशी मी हातानंच खूण केली आणि आत बसले.